घरची अडचण आणि सीमेवरची हाक : जवानाला मुभा किती?

जयपूर, १४ मे २०२५ : भारतात सक्तीची लष्करभरती नाही. त्यामुळे कौटुंबिक विपन्नतेच्या कारणावरून भरतीतून सूट मागण्याचा प्रश्न येथे उद्भवत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. केंद्र सरकारच्या ६ मे रोजीच्या अधिसूचनेने हाच प्रश्न वेगळ्या वाटेने समोर आणला आहे. टेरिटोरियल आर्मीतील प्रत्येक अधिकारी व जवानास सेवेसाठी पाचारण करण्याचा अधिकार या अधिसूचनेने लष्करप्रमुखांना दिला असून ३२ पैकी १४ पायदळ बटालियन तैनात करण्यास मान्यता मिळाली आहे. तैनातीच्या क्षेत्रांत जयपूर येथे मुख्यालय असलेल्या दक्षिण-पश्चिम कमांडचाही समावेश आहे.

१० मे रोजी भारत-पाकिस्तान लष्करी कारवाई थांबली. आदेशाची मुदत मात्र ९ फेब्रुवारी २०२८ पर्यंत आहे. टेरिटोरियल आर्मीचा जवान एरवी नोकरदार, शेतकरी वा व्यावसायिक असतो. सेवेवरून परतल्यावर त्याला पुन्हा कामावर घेण्याचे बंधन कायद्याने मालकावर घातले आहे. ज्याचे शेत किंवा दुकान आहे, त्याला या संरक्षणाचा उपयोग नाही.

नियमित जवानाची कोंडी अधिक कठीण आहे. लष्कर नियम, १९५४ मधील नियम १३ नुसार मुदतीपूर्वी स्वतःच्या विनंतीवरून सेवामुक्ती मिळू शकते. तथापि, विनंती मान्य करणे इष्ट असल्याची आणि तुकडीचे संख्याबळ अवाजवी घटणार नसल्याची कमांडिंग अधिकाऱ्याची खात्री व्हावी लागते. ही दुसरी अट शांततेच्या काळात फारशी जाणवत नाही. युद्धकाळात तीच निर्णायक ठरते. शिवाय १५ वर्षांच्या सेवेआधी बाहेर पडणाऱ्यास सेवानिवृत्तिवेतन नाही. रजेची मुदत उलटूनही न परतणे हा तीन वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा असून प्रत्यक्ष सेवेत असताना पलायन केल्यास मृत्युदंडाचीही तरतूद आहे.

दाद मागण्यासाठी जयपूर येथे सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे खंडपीठ आहे. परंतु २००७ च्या कायद्याने बदली, नेमणूक आणि कोणत्याही प्रकारची रजा हे विषय त्याच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. आजारी आईसाठी जवानाला हवे असते ते नेमके हेच. सेवामुक्तीचा वाद तेथे चालतो, पण आधी खात्यांतर्गत अर्ज करावा लागतो आणि उत्तर न आल्यास सहा महिने थांबावे लागते. यावेळचा संघर्ष चार दिवस चालला.

अग्निवीरांना तर विनंतीवरून बाहेर पडण्याची मुभाच नाही. अपवादात्मक परिस्थितीत सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते. ती मिळाली तरी सेवा निधीतील स्वतःचे अंशदान व्याजासह परत मिळते, सरकारचा तेवढाच वाटा मिळत नाही. घरची ओढाताण म्हणून सेवा सोडणाऱ्यालाच हा भुर्दंड पडतो.

सक्तीची भरती असलेल्या युक्रेनमध्ये तीन वा अधिक अल्पवयीन मुलांच्या पित्यास आणि अपंग आप्तांची देखभाल करणाऱ्यास सवलतीचा हक्क आहे. अमेरिकेने १९४८ मध्ये सेवेत भाऊ गमावलेल्या घरातील एकुलत्या उरलेल्या मुलाला सक्तीच्या भरतीतून वगळले. झुंझुनू, सीकरच्या शेखावाटी पट्ट्यात एकाच घरातील दोघे भाऊ सैन्यात असणे नवलाचे नाही. तेथील कुटुंबाची अडचण मात्र हक्काच्या नव्हे, अर्जाच्या स्वरूपातच कमांडिंग अधिकाऱ्यापुढे जाते.