सायकल दिली, रस्ता केव्हा?

मानव विकास कार्यक्रमाखाली राज्यातील मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली दिल्या जातात. योजना चांगली आहे. आणि सरकारी योजनेविषयी हे शब्द लिहिण्याची संधी आम्हांस क्वचितच लाभत असल्याने ते आम्ही आनंदाने लिहितो. शाळा घरापासून चार-पाच किलोमीटरांवर आहे एवढ्यासाठी मुलीचे शिक्षण सुटू नये, हा तिचा हेतू. बिहारने २००६ साली हाच मार्ग धरला, तेव्हा माध्यमिक शाळांतील मुलींची नोंदणी सुमारे तीस टक्क्यांनी वाढल्याचे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले. तेव्हा सायकलीविषयी वाद नाही. वाद आहे तो ती ज्या रस्त्यावर चालवावयाची त्या रस्त्याविषयी. आणि त्याविषयी बोलण्याचा सर्वाधिक अधिकार ज्या डॉक्टरवर्गास आहे, तो वर्ग अजून पुरेसे बोलत नाही, ही आमची तक्रार आहे.

बीड जिल्ह्यातील केज तालुक्याचे नांदूरघाट घ्या. अशा मोठ्या गावात आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरील मुले शाळेसाठी येतात. त्यांना महामार्गाची मिजास ठाऊक नसते. त्यांचा संबंध साध्या डांबरी रस्त्याशी. त्याची साइडपट्टी खचलेली असली तर सायकलीने उतरावे कोठे? साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की उसाने शिगोशिग भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढीत ट्रॅक्टर निघतात. मागल्या ट्रॉलीस तांबडा दिवा असेलच असे नाही. हिवाळ्यातील पहाटेच्या अंधारात शिकवणीस निघालेली मुलगी आणि ती ट्रॉली यांची गाठ एकाच अरुंद पट्ट्यावर पडते. जो जिल्हा दरवर्षी लाखो ऊसतोड कामगार परमुलखात पाठवितो, त्याच्या मुलांनाही उसाच्याच वाहतुकीपासून जीव वाचवावा लागावा, हा विचित्र न्याय आहे.

अपघात झाला म्हणजे पोलीस पंचनाम्यात चालकाचा निष्काळजीपणा लिहितात. बांधकाम खात्याच्या कागदावर रस्ता सुस्थितीत असतो. मूल अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अथवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात पोहोचते. एकाच वळणावरून आलेले हे या वर्षातील तिसरे मूल आहे, हे कळण्याची संधी फक्त तेथील डॉक्टरास असते. पण तो मांडीचे हाड जुळवितो, केसपेपर बंद करतो आणि पुढच्या रुग्णाकडे वळतो. त्या वळणाची गोष्ट केसपेपराबरोबर फडताळात जाते. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत अठरा वर्षांखालील मुले साडेनऊ हजारांच्या आसपास होती. एखाद्या साथीने इतकी मुले नेली असती, तर वैद्यकीय परिषदांतून दुसरा विषय निघाला नसता.

डॉक्टरांचे काम बरे करण्याचे, रस्ते मागण्याचे नव्हे, असे कोणी म्हणेल. १८५४ साली लंडनमध्ये पटकीची साथ आली असता डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंचा माग काढीत रस्त्यावरील एका पंपापर्यंत मजल मारली आणि त्याचा दांडा काढावयास लावला. ऑस्ट्रेलियातील शल्यविशारदांनी अपघातग्रस्तांचे चेहरे शिवून कंटाळल्यावर सरकारपाशी धरणेच धरले. व्हिक्टोरिया राज्याने १९७० साली मोटारीतील पट्टा सक्तीचा केला, त्यामागे त्यांचा आग्रह होता. आपल्याकडेही कोइंबतूरचे अस्थिशल्यविशारद डॉ. एस. राजशेखरन २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्या याचिकेवरूनच २०१४ साली न्या. के. एस. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समिती नेमली गेली आणि देशभरच्या राज्य सरकारांना जाब द्यावा लागला. शस्त्रक्रियागृहातून न्यायालयात जाण्याने त्यांच्या हातातील शस्त्र बोथट झाले, असे ऐकिवात नाही.

महाराष्ट्रातील डॉक्टरांना सायकल परकी नाही. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी शर्यत जोडीने पूर्ण केली, नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली ती एकट्याने पूर्ण केली. आम्हांस त्यांचा अभिमान आहे. मात्र शहरोशहरी रविवारी सकाळी महागड्या सायकलींवरून फिरावयास निघणाऱ्या डॉक्टरमंडळींना एक सांगावेसे वाटते: तुमच्या मागे मदतीची गाडी असते, सोमवारी शाळेस निघालेल्या मुलीमागे ट्रक असतो.

हॉलंड हा सायकलींचा देश जन्मतः नव्हे. १९७१ साली तेथे रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत चारशेंहून अधिक मुले होती. आईबाप रस्त्यावर उतरले, मुलांची हत्या थांबवा म्हणाले, तेव्हा रस्ते बदलले. आपल्याकडे मात्र मुलालाच शिस्तीचे धडे देण्याची हौस दांडगी. डोक्यावर शिरस्त्राण असावे, हे खरे. पण वेग दुप्पट झाला की आघात चौपट होतो, एवढे गणित आमच्यासारख्या कलाशाखेच्या पदवीधरासही कळते. माणसे व वाहने जेथे मिसळतात तेथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी, असे २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात जगाने मान्य केले आहे. शाळेपुढे दोन गतिरोधक आणि एक रंगीत फलक लावून ती साधत नाही. रस्ताच तसा बांधावा लागतो.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात सदोष रस्त्याबद्दल कंत्राटदार व यंत्रणा यांना एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली. दोष दाखवावयाचा तर नोंद हवी, आणि ती दवाखान्यात आहे. केज, अंबाजोगाई व बीड येथील डॉक्टरांनी रुग्णाचे नाव न लिहिता केवळ ठिकाण, वेळ, वय व वाहन एवढीच वही ठेवावी. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीपुढे त्यांनी ती पालक व शिक्षक यांच्यासह जाऊन मांडावी. समिती ती वाचावयास तयार नसेल, तर आमच्याकडे पाठवावी. या पृष्ठावर तिला जागा मिळेल.