पायावरच्या जाळीला घाबरू नका, पॅकेजला भुलू नका

मांडीवर, गुडघ्यामागे, घोट्याजवळ निळ्या-जांभळ्या बारीक रेघांची जाळी दिसू लागली की बायका घाबरतात, पुरुष दुर्लक्ष करतात. या स्पायडर व्हेन्स. जाडी जेमतेम एक मिलिमीटर. दुखत-खुपत नसतील तर काहीही न करणं हाही एक पर्याय आहे. तो फुकट असल्यामुळे तुम्हाला कोणी सुचवणार नाही, एवढंच. गरोदरपणात उमटलेली जाळी तर बाळंतपणानंतर काही महिन्यांत बरीच ओसरते. तोवर सुईही नको, लेझरही नको.

जाळी नकोशीच वाटत असेल, तर पायासाठी सहसा पहिली पसंती इंजेक्शनची, म्हणजे स्क्लेरोथेरपीची. अगदी बारीक सुईने पॉलिडोकॅनॉलसारखं औषध थेट शिरेत सोडतात. शिरेचं आतलं अस्तर सुजतं, भिंती एकमेकींना चिकटतात आणि रक्त दुसऱ्या वाटेने जातं. भूल लागत नाही. आपल्या पायांनी चालत घरी येता येतं. पण दुसऱ्या दिवशी पाय काळानिळा दिसला म्हणून हबकू नका. बारीक रेघा तीन ते सहा आठवड्यांत पुसट होतात, आणि बहुतेकांना एकाहून जास्त बैठका लागतात. गव्हाळ-सावळ्या कातडीवर तपकिरी डाग काही महिने रेंगाळू शकतात. लेझरमध्ये ही भीती आणखी, कारण त्वचेतलं रंगद्रव्यही त्याची उष्णता शोषतं आणि कातडी भाजू शकते. पूर्वी कधी रक्ताची गाठ झाली असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा.

पाय जड होतात, संध्याकाळी घोटे सुजतात, फुगीर शिरा हाताला लागतात, घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी काळवंडली आहे? मग दोष आतल्या मोठ्या शिरेच्या झडपांत असू शकतो. तो तसाच ठेवून वरची जाळी घालवली तर ती पुन्हा येते. त्यासाठी उभं राहून कलर डॉपलर करून घ्या. एकच पाय अचानक सुजून पोटरी दुखू लागली, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

दिवसभर उभं राहणाऱ्यांनी, मग ते वाहतूक पोलीस असोत की पोळ्या लाटणाऱ्या मावशी, डॉक्टरांना विचारून मापाचे दाबमोजे घ्यावेत. ते सकाळी पलंगावरून उतरण्याआधी चढवावेत. सूज उतरल्यावर ते नीट बसतात. जाळी जात नाही, पाय हलके राहतात.

आणि पार्लरमध्ये किंवा सवलतीच्या पॅकेजवर पायात सुई टोचून घेऊ नका. रक्तवाहिन्यांच्या सर्जनला किंवा त्वचारोगतज्ज्ञाला पाय दाखवा, किती बैठका आणि एकूण खर्च किती ते आधी विचारा, मगच हो म्हणा.