एक पडदा, अनेक यंत्रे

टर्मिनल म्हणजे संगणकास अक्षरांनी आज्ञा देण्याचा पडदा. त्याचे कप्पे पाडून प्रत्येकात दूरचे निराळे यंत्र उघडता येते, ही विद्या विद्यार्थ्यांनी अवश्य शिकावी, असे आमचे मत आहे.

फिनलंडच्या तातू इलोनेन यांनी १९९५ साली एसएसएच ही सुरक्षित जोडणी निर्माण केली; २००७ साली निकोलस मॅरियट यांचे टीमक्स प्रसिद्ध झाले. त्यात 'स्प्लिट-विंडो' या आज्ञेपुढेच एसएसएच व यंत्राचे नाव लिहिले, की नवा कप्पा थेट त्या यंत्रावर उघडतो. ज्यास अनुमती आहे, तो ब्राह्मणपुरीत बसूनही पुण्याच्या आयसर संस्थेतील 'परम ब्रह्म' महासंगणकावर काम करू शकेल.

परंतु सर्व कप्पे दिसावयास सारखेच. एकात सरावाचे यंत्र असेल, दुसऱ्यात परीक्षेच्या निकालाचे. 'सिंक्रोनाइझ-पेन्स' चालू असल्यास तर एकच आज्ञा सर्वत्र जाते. पुसण्याची आज्ञा भलत्या कप्प्यात पडली, तर पश्चात्तापाने निकाल परत येत नाही. म्हणून मुलांनी प्रथम 'होस्टनेम' लिहून यंत्राचे नाव पाहावे, मगच आज्ञा द्यावी. ही सवय न लावता नुसती चलाखी शिकविणे आम्हांस अनुचित वाटते.