खुर्चीतला उपचार विम्याबाहेर का?

जुनाट सर्दीवर दवाखान्यातच, जागेवर भूल देऊन होणाऱ्या उपचाराला आरोग्यविम्याचे संरक्षण मिळालेच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नाकाच्या मागच्या बाजूची नस गोठवून किंवा रेडिओलहरींनी तापवून निकामी केली, की सततचे वाहणे व चोंदणे बऱ्याच रुग्णांत कमी होते. टाके नाहीत, रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. अमेरिकेत २०२४ पासून दोन्ही पद्धतींना बिलासाठी स्वतंत्र संकेतांक आहेत. आपल्याकडे मात्र बहुतेक पॉलिसी चोवीस तासांची भरती मागतात आणि डे-केअरची सवलत ओपीडीच्या दारात थांबते. मग खर्च न झेपणारा रुग्ण औषधदुकानातून नाक मोकळे करणारे थेंब आणत राहतो. ते आठवड्याहून जास्त घातले तर नाक उलट अधिकच चोंदते आणि उशाजवळची बाटली सुटत नाही.

अर्थात, शिंकणाऱ्या प्रत्येकाला खुर्चीत बसवण्याचा धंदाही आम्हाला मान्य नाही. फवारे व गोळ्या नियमित घेऊनही ज्यांना आराम पडत नाही, त्यांच्यासाठीच हा मार्ग आहे. विमा नियामकाने तज्ज्ञांकडून निकष ठरवून घ्यावेत आणि त्यात बसणाऱ्या रुग्णाचा दावा केवळ तो खाटेवर झोपला नाही म्हणून फेटाळण्यास कंपन्यांना मनाई करावी.