सवलत, सौदा आणि जुनी गाडी



आपल्या मध्यमवर्गी मराठी माणसाची एक गंमत मी आयुष्यभर पाहत आले आहे. कोथिंबिरीच्या जुडीसाठी भाजीवालीशी पाच-पाच मिनिटं हुज्जत घालणारा गृहस्थ काचेच्या शोरूममध्ये शिरला की एकदम मुका होतो. समोरचा टायवाला मुलगा थंड पाण्याची बाटली पुढे करतो, ‘सर, बेस्ट प्राइस दिलाय’ म्हणतो आणि आपण मान डोलावतो. जिथे दोन रुपये सुटायचे तिथे आपली वाघासारखी झेप, आणि जिथे वीस-पंचवीस हजार सुटू शकतात तिथे भिडस्तपणा! भाव केला तर आपल्याला परवडत नाही असं त्या मुलाला वाटेल, ही खरी भीती. माझं स्पष्ट मत असं की गाडी घेताना भाव न करणं हा मोठेपणा नाही. पण खोटं बोलून सवलत उपटणं याला मी भाव करणं म्हणत नाही. या दोन्ही गोष्टींबद्दल आज लिहायचं आहे.

यंदा आम्ही गाडी बदलली. जुनी २०१३ सालची, बसायला खूप खाली. ह्यांच्या गुडघ्यांना ते झेपेना. मुलं म्हणाली, ‘आम्ही बघतो सगळं, तुम्ही फक्त रंग सांगा.’ मी म्हटलं, पस्तीस वर्षं पोरांना नफा-तोटा शिकवला, आता एक गणित स्वतःसाठी सोडवू दे. शोरूममधला मुलगा पहिल्या दिवशी सगळं ह्यांच्याकडे बघून बोलत होता आणि मला ‘काकू, तुम्ही चहा घ्या’ म्हणत होता. चहा घेतला, चांगला होता. मग वही काढली.

पहिली गोष्ट कळली ती ही, की सवलत एक नसते, चार-पाच असतात आणि त्या वेगवेगळ्या खिशातून येतात. एक रोख सवलत. दुसरा एक्स्चेंज बोनस, म्हणजे जुनी गाडी दिली तर किमतीशिवाय वर मिळणारी रक्कम. तिसरी कॉर्पोरेट सवलत, म्हणजे ठरावीक कंपन्या, बँका, सरकारी नोकर, डॉक्टर, शिक्षक अशांच्या यादीत तुम्ही असलात तर मिळणारी. त्याच कंपनीची गाडी पुन्हा घेतली तर काही ठिकाणी लॉयल्टी बोनस. आणि जुनी गाडी अधिकृत केंद्रात भंगारात काढली तर त्या प्रमाणपत्रावर मिळणारी सूट. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्र्यांबरोबरच्या बैठकीनंतर गाड्यांच्या बऱ्याच कंपन्यांनी ही सूट द्यायचं मान्य केलं होतं: शोरूम किमतीच्या दीड टक्का किंवा २०,००० रुपये, यातलं जे कमी ते. चालू स्थितीतली गाडी भंगारात काढण्यात अर्थ नाही, पण ज्यांची पंधरा वर्षांची झाली आहे त्यांनी ही सूट अजून मिळते का ते विचारून बघावं.

एक गोष्ट सवलत नाही, पण सवलत म्हणून सांगितली जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. लहान पेट्रोल गाडीला पूर्वी उपकर धरून तो २९ टक्के पडत असे. हा सरकारने कमी केलेला कर आहे, शोरूमने केलेला उपकार नव्हे. ‘तुम्हाला एवढा फायदा झालाच आहे की’ असं कोणी म्हणालं तर हसून म्हणावं, ‘तो झालाच, आता तुमचा सांगा.’

आता गणित. पाचवीच्या मुलालाही येईल असं आहे, फक्त ते आपल्याला मुद्दाम उलटसुलट मांडून दाखवतात. आम्ही बघितलेल्या गाडीची शोरूम किंमत साधारण ८ लाख. पहिल्या ठिकाणी रोख सवलत २५,००० आणि एक्स्चेंज बोनस २०,०००, मिळून ४५,०००. दुसऱ्या ठिकाणी रोख २०,००० आणि बोनस १५,०००, मिळून ३५,०००. ऐकून कोणीही पहिल्याकडे जाईल. पण जुन्या गाडीचे पहिला देत होता १,६०,००० आणि दुसरा १,९५,०००. बेरीज करा. पहिल्याकडून एकूण २,०५,०००, दुसऱ्याकडून २,३०,०००. म्हणजे जास्त सवलतवाला दुकानदार पंचवीस हजारांनी महाग! सवलत एका हाताने द्यायची आणि जुन्या गाडीचा भाव पाडून दुसऱ्या हाताने काढून घ्यायची, हा यातला जुना डाव आहे.

म्हणून माझा नियम असा. सवलत किती ते विचारूच नका. दोनच आकडे विचारा. जुनी गाडी न देता नवी किती रुपयांत घरी येईल, आणि जुनी देऊन वर किती रुपये मोजावे लागतील. हे दोन्ही कागदावर, तारीख घालून घ्या. तोंडी आकडा हा वाऱ्यावरचा आकडा. आणि शोरूममध्ये जाण्याआधी जुन्या गाडीचा भाव बाहेर दोन-तीन ठिकाणी काढून ठेवा.

त्या कागदावर आणखी काही नावं दिसतील. विमा, वाहनकर, फास्टॅग हे समजतं. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के वाहनकर आहे, त्यात घासाघीस नाही. पण ‘हँडलिंग’, ‘लॉजिस्टिक्स’ अशा नावाने पाच-सात हजार लावलेले दिसले तर शांतपणे विचारा, हे कोणत्या सरकारी खात्यात जातात? कुठल्याच नाही. आम्ही विचारलं तेव्हा त्या मुलाने मॅनेजरकडे पाहिलं, मॅनेजरने छताकडे, आणि ७,५०० रुपये कागदावरून गेले. आवाज चढवावा लागला नाही. ‘अ‍ॅक्सेसरीज मोफत’ म्हणाले तर त्याऐवजी किंमत किती कमी होईल तेही विचारा. आपल्याला नको असलेल्या सीट कव्हरांचे पैसे आपल्याच सवलतीतून गेलेले असतात. वर्षअखेरीला मिळणारी मोठी सूट घ्या, पण गाडी कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात तयार झाली ते बघा. डिसेंबरमधली गाडी जानेवारीत एका वर्षाने जुनी ठरते आणि पुढे विकताना तो फरक आपल्याच माथी येतो.

विम्याचं तर स्वतंत्र प्रकरण आहे. सुप्रीम कोर्टाच्या आदेशानुसार सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तिसऱ्या पक्षाचा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो, त्यामुळे हा आकडा मोठा दिसतो. पण तो शोरूममधूनच घेतला पाहिजे अशी सक्ती कोणी करू शकत नाही. दुसरं म्हणजे नो क्लेम बोनस. सलग पाच वर्षं विम्याचा दावा केला नसेल तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के सूट मिळते, आणि ती सूट गाडीची नसते, मालकाची असते! जुनी गाडी विकली तरी विमा कंपनीकडून तसं प्रमाणपत्र घेऊन ती नव्या गाडीला लावता येते, तीन वर्षांपर्यंत. हे आम्हाला शोरूममध्ये कोणीही आपणहून सांगितलं नाही. त्यांचा विमा होता ४६,०००. बाहेर तोच ४०,०००, आणि बोनस लावून ३१,०००. तो कागद दाखवल्यावर त्यांचाही ३२,०००वर आला. मग हजार रुपयांसाठी कशाला फिरा म्हणून तिथेच घेतला.

यात एक मेख आहे. जुनी गाडी ह्यांच्या नावावर होती, त्यामुळे तो बोनस ह्यांचा. निवृत्त शिक्षिका म्हणून कॉर्पोरेट यादीत मी बसत होते, पण त्यासाठी नवी गाडी माझ्या नावावर हवी होती. माझे ५,००० आणि ह्यांचे सुमारे ९,०००. गाडी ह्यांच्या नावावर झाली. सोपं गणित, पण नाव कुणाचं हे आधी ठरवलं नाही तर यातलं एक हातचं जातं.

आता भाच्याकडे येते. तो हे वाचेलच, आणि त्याने रागावू नये. त्याने सुचवलं होतं, ‘मावशी, माझ्या कंपनीचं ओळखपत्र देतो, कोण बघतंय, सेल्सवालाच जुळवून देईल.’ सेल्सवाला तयारही होता, त्याला महिन्याचा आकडा गाठायचा होता. मी नको म्हटलं. काही जण म्हणतील, बाई अजून शाळेतच आहेत. असेन. पण एकीकडे ‘हँडलिंग’च्या खोट्या नावाखाली पैसे घेऊ नका म्हणून भांडायचं आणि दुसरीकडे आपण खोट्या नावाखाली पैसे घ्यायचे, हे कसं चालेल? आणि त्यात काही गडबड निघाली तर नोकरी जायची ती त्या पोराची, आपली नव्हे. जी सवलत आपल्या हक्काची आहे ती पै न् पै मागून घ्यावी. जी नाही, तिच्याकडे बघू नये. तसंच दुसरीकडे कमी भाव मिळतोय असं खोटं सांगू नये. मिळाला असेल तर कागद दाखवावा. खऱ्या कागदाला जेवढं वजन असतं तेवढं थापेला नसतं.

सर्वांत महत्त्वाचं शेवटी सांगते, कारण यात पैशांपेक्षा मोठं काही पणाला लागतं. जुनी गाडी आम्हाला बाहेर २,१०,०००ला मागितली होती. ती बाहेर देऊन पहिल्या शोरूमची रोख सवलत घेतली असती तर एकूण २,३५,००० झाले असते, म्हणजे दुसऱ्यापेक्षा पाच हजार जास्त. पण तो दलाल म्हणाला, ‘फॉर्म २९ आणि ३० वर नुसत्या सह्या करून द्या, पुढचं नाव गिऱ्हाईक मिळालं की टाकू.’ मी तिथेच उठले. आरटीओच्या दप्तरी जोवर तुमचं नाव आहे तोवर कायद्याने मालक तुम्हीच. २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे गेली होती, नोंद मात्र मूळ मालकाच्याच नावावर राहिली होती. अपघात झाला, आणि भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर आली. विचार करा, आपण इकडे नव्या गाडीला हार घालतोय आणि तिकडे आपल्या नावाची गाडी कोण, कुठे, कशी चालवतोय याचा पत्ता नाही.

नोंदणीकृत जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी केंद्र सरकारने केलेले नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. अशा विक्रेत्याला गाडी दिली की तसं आरटीओला ऑनलाइन कळवायचं असतं आणि मग जबाबदारी त्याच्याकडे जाते. म्हणून विचारा, तुमची नोंदणी आहे का? गाडी दिल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली पावती घ्या, गाडी नावावरून उतरेपर्यंत आठवड्याला एक फोन करा. कर्ज फिटलं असलं तरी बँकेचा बोजा कागदावर उरला आहे का ते आधीच बघा. आम्ही दुसऱ्या शोरूमला गाडी दिली, पाच हजार सोडले, आणि महिन्याभरात नाव उतरल्याचा कागद हातात आला. त्या रात्री नीट झोप लागली. पाच हजारांत झोप महाग नाही.

आता माझी मूळ तक्रार. ही सगळी पद्धतच मला अन्यायाची वाटते. एकच गाडी, एकच दिवस, एकच शोरूम, आणि विचारणाऱ्याला एक भाव, न विचारणाऱ्याला दुसरा. न विचारणारा कोण असतो? पहिल्यांदा गाडी घेणारा खेड्यातला शेतकरी, एकटी राहणारी बाई, इंग्रजी कागदाला बिचकणारा म्हातारा. त्यांच्या भिडेतूनच माझ्यासारखीची सवलत निघते. कंपन्यांनी चालू महिन्याच्या सगळ्या योजना, अटींसकट, शोरूमच्या दारात मराठीत फळ्यावर लावाव्यात. शाळेत वेळापत्रक लावतात तसं. कोण लावणार, हे मलाही कळतं. तोवर आपण एवढं तरी करावं, की आपल्याला कळलेलं घरातल्या, शेजारच्या माणसाला सांगावं आणि कुणी एकटं निघालं असेल तर सोबत जावं.

आणि त्या टायवाल्या मुलाशी मात्र गोड बोला. नियम त्याने केलेले नाहीत, तो पगारावर आणि कमिशनवर जगतो. आमच्यावाला गाडी देताना म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही गणित शिकवायचात ना?’ म्हटलं, बाळा, मराठीसुद्धा.

असो. कुणी गाडी बदलायच्या विचारात असेल तर लिहा. वही अजून ठेवली आहे.