अर्ध्यावरचा महाल

शाळेत प्रदर्शन जाहीर झाले की घरोघरी पुठ्ठे गोळा होऊ लागतात. कुणी मशिदीचे मॉडेल करायला घेतो, कुणी पवनचक्कीचे, कुणी प्रवरेवरच्या पुलाचे. आमच्या कोल्हारची मुले नगरला सहलीला जाऊन आली की त्यातले एखादे तरी चांदबीबी महाल निवडते. पहिले चार दिवस घरात दुसरा विषय नसतो. जेवायला हाक मारली तरी ऐकू येत नाही. दुसऱ्या आठवड्यात कात्री सापडेनाशी होते. तिसऱ्या आठवड्यात महाल कपाटावर जातो आणि त्याच्यावर धूळ बसते. मग पाहुण्यांसमोर अम्मी म्हणतात, "याचं नेहमी असंच. आरंभशूर आहे नुसता."

मूल ते मॉडेल विसरते, हा शब्द विसरत नाही. उद्या ते हिफ्जला बसेल, एखाद्या परीक्षेची तयारी करील, हाताचे काम शिकेल. मध्येच थोडे जड गेले की तोच शब्द त्याला आठवेल आणि त्याला वाटेल, आपण असेच आहोत. म्हणून कपाटावरच्या त्या अर्धवट कामाकडे आपण मोठ्यांनी जरा नीट पाहायला हवे.

चांदबीबी महाल म्हणून ओळखली जाणारी ही इमारत खरे तर निजामशाहीतला वजीर सलाबतखान याची कबर आहे. शाह डोंगरावर उभी असलेली, अष्टकोनी, तीन मजली, सुमारे ७० फूट उंच. आता हिशेब करा. आठ बाजू आणि तीन मजले म्हणजे भिंतीचे २४ तुकडे, जवळजवळ सारखेच. पहिला तुकडा कापताना गंमत वाटते, कारण कमान कशी काढायची हे नवीन असते. तिसऱ्यापर्यंत हात बसतो. नवव्या तुकड्याला शिकण्यासारखे काही उरत नाही आणि घुमट तर अजून फार दूर असतो. मूल नेमके इथे थांबते. हा आळस नव्हे. नवेपणाचा आनंद संपला आहे आणि पूर्ण झाल्याचा आनंद अजून दिसत नाही, अशी ती जागा आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ क्लार्क हल यांनी १९३२ मध्ये मांडले की, ध्येय जवळ येते तसा वेग वाढतो. चक्रव्यूहात सोडलेले उंदीर खाद्याच्या जवळ पोहोचताना जोरात धावत. माणसांवर पुढे झालेल्या प्रयोगांत दिसले की सुरुवातीला हुरूप असतो, शेवटीही असतो, ढिलाई येते ती मधल्या भागात. पण हे समजायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. रमजानमध्ये आपल्याच मशिदीत तरावीहच्या सफा बघा. पहिल्या रात्री अंगणात चटया टाकाव्या लागतात. मधल्या अशऱ्यात दोन सफा कमी होतात. सत्ताविसाव्या रात्री पुन्हा पाय ठेवायला जागा नसते. आपण वयाने मोठे, मामला इबादतीचा, तरी मधल्या दिवसांत आपली ही गत होते. मग बारा वर्षांच्या मुलाकडून पुठ्ठ्याच्या कामात आपण कोणती अपेक्षा करतो?

याच्या उलट एक काम बघा, जे मुले कधी अर्धवट सोडत नाहीत. दिवाळीतला किल्ला. शेजारच्या मुलांबरोबर आपली मुलेही चिखल कालवायला असतातच. तोही छोट्या प्रमाणातला गडच की! पण तो दोन-तीन दिवसांत उभा राहतो. का? दिवस ठरलेला असतो. हात पाच-सहा जणांचे असतात, त्यामुळे एकाला कंटाळा आला तरी दुसरा माती आणतो. बुरूज वाकडा झाला तर ओल्या हाताने सरळ होतो. आणि जागा अंगणातली, कुणी उचलून कपाटावर ठेवत नाही. महालाच्या मॉडेलला यातले काहीच मिळत नाही. त्याचे काम महिनाभर चालते, मूल एकटे असते, चुकलेला तुकडा फेकूनच द्यावा लागतो आणि जेवणाचा दस्तरखान पसरला की पसारा उचलावा लागतो.

तेव्हा किल्ल्याकडून शिकू. पहिली गोष्ट मापाची. मुलांना मोठे मॉडेल हवे असते. एकास पंचवीस या प्रमाणात हा महाल सुमारे ८५ सेंटिमीटर उंच होईल, एकास शंभरात २१ सेंटिमीटर. उंची चौपट, पण पुठ्ठा आणि रंग सोळापट लागतो, कारण लांबी आणि रुंदी दोन्ही चौपट होतात. सातवी-आठवीचे मूल हे गणित स्वतः करू शकते. कात्री हातात घेण्याआधी ते करायला लावावे.

दुसरी, कामाच्या क्रमाची. चोवीस तुकडे एका दमात कापू नयेत. जाड पुठ्ठ्याचा एक साचा करून एक बाजू खालपासून वरपर्यंत तिन्ही मजल्यांची पुरी करावी, रंगासकट. ती उभी केली की बाकीच्या सात बाजू कशासाठी करायच्या आहेत ते डोळ्यांना दिसते. मॉडेल पहिल्या दिवसापासून प्लायवूडच्या फळीवर असावे, म्हणजे पसारा न मोडता उचलता येते. आणि उठताना दुसऱ्या दिवशीचा एक तुकडा आखून ठेवावा. सुरुवात कुठून करायची हा प्रश्न उरला नाही की बसणे सोपे जाते.

तिसरी, मोजण्याची. मिनजुंग कू आणि आयलेट फिशबाख या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले की, लहान आकड्याकडे पाहिले की उत्साह टिकतो. अर्धे काम होईपर्यंत झालेले मोजावे, नंतर उरलेले. म्हणजे "अजून वीस राहिले" असे न म्हणता "चार झाले" म्हणावे, आणि बारा ओलांडले की "आता दहाच राहिले". नाजरा शिकवणाऱ्या आपा कितीतरी घरांत हेच करतात, कुठलाही शोधनिबंध न वाचता.

हदीसची शिकवणही आपल्याला माहीत आहे. थोडे का होईना, पण नियमाने केलेले काम अल्लाहला जास्त पसंत आहे. मग "आज सगळं संपवून टाक" असे दटावण्यापेक्षा रोज असरनंतर एक तुकडा, एवढेच ठरवावे.

इथे मुलींबद्दलही बोलायला हवे. मुलाचे मॉडेल अर्ध्यावर राहते तेव्हा बहुधा हुरूप गेलेला असतो. मुलीचे राहते तेव्हा पुष्कळदा वेळ गेलेला असतो. गोंद लावला की हाक येते, भाकरी थाप, धाकट्याला घे. परत येईपर्यंत गोंद वाळतो. तिलाही आपण आरंभशूर म्हणतो. तिच्या हातातली ती अर्ध्या तासाची कामे कधीतरी भावाला सांगून बघा.

आणि सगळे करूनही मन उठलेच तर? तर जबरदस्तीने पुरे करवून घेऊ नये, आणि रात्री जागून अब्बूंनी तर मुळीच पुरे करू नये. बक्षीस मिळेल, पण मुलाला कळेल की काम सोडले तरी चालते, कुणीतरी करतेच. एखाद्या रविवारी शेजारी बसून विचारावे: पुढे न्यायचे, लहान करायचे, की थांबायचे? लहान करण्यात कमीपणा नाही. लोक सांगतात, हा महाल दौलताबाद दिसेल इतका उंच करायचा बेत होता. इमारत तीन मजल्यांवर थांबली. आजही लोक डोंगर चढून ती पाहायला जातातच. थांबायचे ठरले तर पुठ्ठा, साचा, रंग वेगळे करून पुढच्या कामासाठी नीट ठेवून द्यावेत. विचार करून थांबणे वेगळे आणि धूळ बसू देणे वेगळे, हा फरक मुलाला यातून कळतो.

तुमच्या घरात कपाटावर असे काही असेल तर या आठवड्यात ते खाली काढा. धूळ मुलाकडूनच पुसून घ्या. "हे कधी संपणार?" असे विचारू नका. "यातलं किती झालंय, दाखव बघू," असे म्हणा आणि त्याला मोजू द्या.