श्वानाची वंशावळ आणि खरेदीदाराचा विवेक

अलीकडे अहिल्यानगर शहरातच नव्हे, तर तालुक्यांच्या गावांतूनही परदेशी जातीचे कुत्रे पाळण्याची आवड वाढत चालली आहे. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, पग ही नावे आता शाळकरी मुलांच्याही तोंडी असतात. या आवडीस आमचा विरोध नाही. मुक्या प्राण्याची निगा राखल्याने मुलांच्या अंगी दया, नियमितपणा व जबाबदारीची जाणीव येते, हे कोणीही मान्य करील. परंतु पिल्लू विकताना विक्रेता जे भारदस्त शब्द उच्चारतो, त्यांचा अर्थ न समजताच पुष्कळ कुटुंबे पदरचे हजारो रुपये मोजतात, ही गोष्ट आम्हांस शोचनीय वाटते. 'पेपरवाले पिल्लू', 'चॅम्पियन ब्लडलाइन', 'डबल बोन' हे शब्द ऐकून भुलणे म्हणजे वेष्टनावरून औषधाची परीक्षा करण्यासारखे आहे.

घोडेगावच्या किंवा काष्टीच्या बाजारात म्हैस घेणारा आपला शेतकरी पाहा. तो तिचे दात पाहतो, कास चाचपतो, तिची चाल न्याहाळतो, आणि शक्य तर स्वतः धार काढून दुधाची खात्री करून घेतो. तिच्या पणजीस प्रदर्शनात बक्षीस मिळाले होते, एवढ्या सांगण्यावर तो कमरेचा कसा सोडीत नाही. हाच चतुर मनुष्य शहरात पिल्लू घेण्यास गेला म्हणजे आपले सारे शहाणपण घरी का ठेवून जातो? आमच्या मते याचे कारण एकच: तेथील भाषा त्यास परकी असते. ती भाषा थोडी समजून घेणे कठीण नाही.

प्रथम वंशावळीचा कागद घेऊ. श्वानांची नोंद ठेवणारी पहिली संस्था लंडन येथे १८७३ साली स्थापन झाली. आपल्याकडे केनेल क्लब ऑफ इंडिया ही संस्था १८९६ साली निघाली. अशी संस्था जो दाखला देते, त्यात पिल्लाचे आईबाप व त्यांचे पूर्वज नमूद असतात. तीन पिढ्या दिल्या असल्या तर दोन, चार व आठ मिळून चौदा नावे होतात. हा कागद इतकेच सांगतो की, जनकाने कळविलेल्या माहितीप्रमाणे या पिल्लाचे पूर्वज अमुक होते. पिल्लू निरोगी आहे, स्वभावाने शांत आहे, किंवा दिसावयास उत्तम आहे, असे तो मुळीच सांगत नाही. जन्माच्या दाखल्यावरून मुलाची बुद्धी किंवा प्रकृती कळत नाही, तसेच हे आहे.

आता 'चॅम्पियन' या पदवीकडे वळू. ही पदवी एका बक्षिसाने मिळत नाही. ब्रिटनमधील नियमाप्रमाणे कुत्र्यास तीन निरनिराळ्या परीक्षकांकडून तीन चॅलेंज सर्टिफिकेटे मिळवावी लागतात, व त्यांपैकी निदान एक तरी त्याचे वय बारा महिने झाल्यानंतरचे असावे लागते. स्पर्धेतील एकही कुत्रा त्या योग्यतेचा नाही असे वाटल्यास परीक्षक ते सर्टिफिकेट रोखूनही ठेवू शकतो. म्हणून खऱ्या चॅम्पियनचा मान आम्ही कमी लेखीत नाही. परंतु 'बेस्ट ऑफ ब्रीड' म्हणजे त्या दिवशी त्या प्रदर्शनात आलेल्या त्या जातीच्या कुत्र्यांत पहिला. आले होतेच दोन, तर दोहोंत पहिला! एखाद्या स्थानिक प्रदर्शनातील असे पदक दाखवून कोणी 'चॅम्पियन' म्हणू लागला, तर त्यास पदवीचा दाखला मागावा.

शिवाय पदवी कोणाची, हेही पाहावे. वंशावळीतील विजेत्यांची नावे लाल शाईने छापण्याची प्रथा पुष्कळ ठिकाणी आहे. समजा, चौदा नावांत एकच नाव लाल आहे, आणि तेही आठ पणज्या-पणजोबांच्या रांगेत. अशा पूर्वजाचा वाटा पिल्लाच्या रक्तात सरासरीने अवघा एक अष्टमांश असतो. तरीही 'चॅम्पियन ब्लडलाइन' हा शब्द तेवढ्यावरही वापरला जातो. पणजोबा वकील होते म्हणून पणतूस कोणी सनद देत नाही. उलट एकच नाव आईच्या व बापाच्या, दोन्ही बाजूंस वारंवार दिसू लागले, तर ते जवळच्या नात्यातील संकराचे चिन्ह होय. त्याने हवे ते गुण पक्के होतात, तसे लपलेले दोषही पक्के होतात.

पदवी म्हणजे आरोग्य नव्हे, हे तर विशेष ध्यानात ठेवावे. लॅब्राडोर व जर्मन शेफर्ड या जातींत खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक विकार आढळतो. तो डोळ्यांनी नव्हे, तर क्ष-किरणांच्या चित्राने कळतो. पगच्या आखूड नाकामुळे त्यास श्वास घेणे जड जाते, आणि आपल्या जिल्ह्यातील एप्रिल-मेच्या उन्हात ते अधिकच जाणवते. २००८ साली बी.बी.सी.ने प्रदर्शनातील जातिवंत कुत्र्यांच्या अशा रोगांवर एक माहितीपट दाखविला. त्यानंतर खळबळ उडून त्या संस्थेने क्रफ्ट्स या जगप्रसिद्ध प्रदर्शनाचे प्रक्षेपणच थांबविले. 'डबल बोन' हा शब्द तर कोणत्याही जातीच्या अधिकृत मानकात नाही. तो केवळ बाजाराचा आहे.

आपल्या प्रांताचेच एक उदाहरण घ्या. धनगर व शिकारी लोकांनी पिढ्यान्पिढ्या सांभाळलेला, सडपातळ बांध्याचा, वाऱ्यासारखा धावणारा कारवानी कुत्रा महाराष्ट्र व कर्नाटकाच्या सीमाभागात प्रसिद्ध आहे. केनेल क्लब ऑफ इंडिया त्याची नोंद 'कॅरॅव्हान हाउंड' या नावाने करते, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब 'मुधोळ हाउंड' या नावाने. टपाल खात्याने २००५ साली काढलेल्या तिकिटावर मुधोळ हाउंड हेच नाव आहे. कुत्रा तोच, नावे दोन! तेव्हा कागद हाती आल्यावर तो कोणत्या संस्थेचा आहे, हे प्रथम वाचले पाहिजे.

कोणी म्हणतील, "आम्हांस काही प्रदर्शनात जावयाचे नाही, मग हा खटाटोप कशाला?" त्यांस आमचे उत्तर असे की, ज्यांस प्रदर्शनात जावयाचे नाही, त्यांनी प्रदर्शनाच्या पदवीसाठी अधिक दाम तरी का मोजावा? त्यांनी आरोग्य व स्वभाव यांसाठी मोजावा. फसगतीची झळ पैशापुरतीच राहत नाही. आजारी निघालेले पिल्लू घरात तळमळते, मुले रडतात, आणि कित्येकदा तेच जनावर पुढे रस्त्यावर सोडून दिले जाते. तो दोष त्या मुक्या जिवाचा नव्हे.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे की, पिल्लाची आई समक्ष पाहिल्यावाचून सौदा करू नये. जो विक्रेता ती दाखविण्यास टाळाटाळ करील, त्यास नमस्कार करून परत यावे. २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे श्वानांची पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे, व आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. पिल्लाच्या कातडीखालील मायक्रोचिपचा क्रमांक पशुवैद्याकडून तपासून दाखल्यावरील क्रमांकाशी ताडून पाहावा, लसीची नोंद मागावी, आणि दाखला आपल्या नावे करून घ्यावा. 'कागद मागाहून पाठवितो' या शब्दावर पैसे देऊ नयेत.

आणि विद्यार्थिमित्रहो, वंशावळ नसलेला गावठी कुत्रा प्रेमात वा राखणीत उणा नसतो, हे तुम्ही आपल्या वस्तीवर रोज पाहताच. घरी पिल्लू आणण्याचे ठरल्यास वडील मंडळींबरोबर अवश्य जा, आणि विक्रेत्याने कागद पुढे केला म्हणजे तो तुम्हीच मोठ्याने वाचा. चौदा नावांत लाल किती, कोणत्या रांगेत, व त्यांतील कोणते नाव दोनदा आले आहे, हे मोजावयास तुम्ही शिकलेले गणित पुरेसे आहे.